सुगंधाचा बनियनवाला गेम

बोईसरजवळच्या सालवडच्या चाळीत कुणाकडे रात्रपाळी आहे, हे भर दुपारी रस्त्यावरूनच कळायचं. दार अर्धं लोटलेलं, खिडकीला चादर बांधलेली, उंबऱ्याबाहेर कामावरचे बूट, आणि घरातली बाई डाळतांदळाचा कुकर उचलून शेजारणीकडे निघालेली. स्वतःच्या घरात शिट्टी होऊन चालायची नाही. खोली एकच, आणि तिच्यात सकाळी कामावरून आलेला माणूस झोपलेला. मुलं शाळेतून आली की दप्तर आत सरकवायची आणि दारातूनच माघारी वळायची. "बाबा झोपलेत, बाहेर खेळा," एवढंच आई सांगायची. बाहेर म्हणजे कुठे, ते मुलांनी आपलं आपण बघायचं.

सुगंधा निकमचं घरही असंच होतं. ती शिरपूरकडची. लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी सांगितलं की बोईसरला समुद्र आहे, म्हणून ती खूश झाली होती. समुद्र निघाला तिथून पुढे, किनाऱ्यावरच्या नवापूरला, आणि तिच्या वाट्याला आल्या पाळ्या. नवरा पुंजाराम तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायच्या कारखान्यात होता. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी आणि मग रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात नवराबायकोचा संसार खुणांवर चालायचा. त्यांची ललिता बालवाडीत होती. तीसुद्धा घरात आली की आपोआप टाचा उचलून चालायला लागायची.

घर चाळीच्या कोपऱ्यावरचं होतं, त्यामुळे त्यांना रस्त्याकडे उघडणारी एक पडवी मिळाली होती. पडवी आणि खोली यांच्यामध्ये भिंत नव्हती, जाड पडदा होता. त्या पडवीत काहीतरी करावं, हे सुगंधाच्या डोक्यात पहिल्यापासून. आधी शिलाई मशीन घेतलं. त्याच्या खडखडाटानं पुंजाराम दोन दिवस झोपला नाही आणि तिसऱ्या दिवशी कारखान्यात उभ्या उभ्या डुलकी लागून रंगाच्या हौदात पडता पडता वाचला. मशीन विकलं. मग पापड केले. पापडाला आवाज नसतो. पण चाळीच्या गच्चीवर ते वाळत घातले की संध्याकाळपर्यंत त्यांना कारखान्यांच्या धुराचा असा काही वास लागायचा, की उडदाचे आहेत की औषधाचे ते कळू नये. तेही बंद.

मग पालघरचा नामदेव भेटला. तो व्हिडिओ गेमची मशीनं लोकांच्या दुकानात ठेवायचा. नव्वदीच्या मधली वर्षं होती ती. बोईसर स्टेशनजवळ असं एक पार्लर जोरात चाललं होतं. "ताई, जागा तुमची, मशीन माझं," तो म्हणाला. "बसल्या जागी धंदा."

कपाटाएवढी दोन मशीनं टेम्पोतून उतरली. नामदेवनं पहिलं चालू केलं मात्र, त्यातून अशी किंकाळी निघाली की पडद्याआडून पुंजाराम उशीसकट बाहेर आला आणि "गॅस सुटला! पळा!" म्हणत अनवाणी रस्त्यावर गेला. त्याला समजावून परत आणून झोपवल्यावर सुगंधानं नामदेवला एवढंच विचारलं, "आवाज बंद होतो का?"

"कमी होतो."

"कमी नको. बंद."

"अहो ताई, आवाजाशिवाय कोण खेळेल? आवाजातच तर मजा आहे."

"पकड आहे ना तुमच्याकडे? वायर तोडा."

नामदेवनं कपाळावर हात मारला आणि दोन्ही मशीनच्या स्पीकरची वायर तोडली.

आणि गंमत म्हणजे मुलं आली. रात्रपाळीच्या घरांमधली सगळी मुलं, मुलीसुद्धा, कारण दुकानात बाई बसलेली असायची. हळू बोलायची त्यांना घरूनच सवय होती. ओरडेल त्याचा नंबर जाईल, हा सुगंधाचा एकच नियम. मशीनला आवाज असतो, हे त्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. त्यातला एक जण मामाबरोबर स्टेशनच्या पार्लरमध्ये जाऊन आला आणि घाबऱ्याघुबऱ्या सांगायला लागला, "काकू, तिथलं मशीन बिघडलंय. ओरडतं!"

सुगंधाचं मात्र त्या मशीनकडे कधी लक्ष नसायचं. ती स्टुलावर पाठ करून बसायची, भाजी निवडायची, पितळी कॉईन हातात द्यायची आणि कान पडद्याकडे ठेवायची. आतून घोरणं ऐकू येतंय तोवर सगळं ठीक. दोनदा आपटून तिसऱ्यांदा जमलेलं हे काम होतं. हे गेलं तर पुढे काय, हेही तिला पक्कं माहीत होतं. कारखान्यांमध्ये पॅकिंगला बायका घेत होते, पण पाळीनं. मागच्या गल्लीत तशी जोडपी होती. एकाची पाळी सुटायची तेव्हा दुसऱ्याची लागायची. डबा, किल्ली आणि पोर दारातच एकमेकांच्या हातात द्यायचं. ललिताला कडेवर घेताना तिला कधीकधी तेच दिसायचं.

*

झालं असं, की महिला मंडळाच्या इंदुबाई एकदा स्टेशनवरून येताना त्या दुसऱ्या पार्लरशी थबकल्या. आत मशीनच्या पडद्यावर एका गड्यानं दुसऱ्याचं मुंडकं उपटलं, रक्ताचं कारंजं उडालं आणि मशीननं भेसूर आवाज काढला. इंदुबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी दुसरा विषयच काढू दिला नाही.

"मुंडकी उपटायला शिकवतात! आणि ते आपल्या चाळीतसुद्धा आहे. कोपऱ्यावर. निकमांकडे."

सुगंधाला बोलावणं आलं. ती हात पुसत गेली आणि दारापाशीच बसली. चाळमालकानं आधीच हात झटकले होते: बायका म्हणतील तसं, नको म्हणाल्या तर मशीनं उचलायची.

मंडळाच्या अध्यक्ष होत्या पुष्पलता वर्तक. समोरच्या नव्या इमारतीत राहायच्या, बी.ए. झालेल्या, नवरा एका कंपनीच्या ऑफिसात. स्वभावानं न्यायाच्या, पण काळजीनं पोखरलेल्या. त्यांची केतकी सहावीत होती. मुलगी पाच मिनिटं उशिरा आली तरी पुष्पलताबाई गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या, आणि हल्ली ती उशिरा यायला लागली होती. शोध घेतल्यावर कळलं होतं, की ती निकमांच्या पडवीत असते.

"बंद करा म्हणणं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "आधी मला सांगा सुगंधाताई, तुमच्याकडे मारामारीचे गेम किती?"

"मशीन दोनच. एकावर गाड्यांची शर्यत. दुसऱ्यावर मारामारी. त्यातला बोर्ड बदलला की गेम बदलतो. नामदेव आणतो बदलून."

"त्यातला बरा कुठला?"

"ते मुलांना विचारायला लागेल," सुगंधा म्हणाली.

"म्हणजे तुम्हालाच माहीत नाही?" पुष्पलताबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तेच सुगंधाला जास्त लागलं. "मुलं आमची, दुकान तुमचं, आणि मुलं बघतात काय ते दोघींपैकी कुणालाच ठाऊक नाही."

"मशीनं उचला म्हणावं, एवढं काय त्यात!" इंदुबाई म्हणाल्या.

"थांबा. सुगंधाताई, शनिवारी दुपारी आम्ही तुमच्याकडे येतो. सगळे गेम बघा. त्यातला एकच निवडा, जो आपण आपल्या हातानं आपल्या मुलांपुढे ठेवू शकू. आणि तोच का, ते आम्हाला पटवा. पटलं तर दुकान राहील. नाही पटलं तर दोन्ही मशीनं जातील."

*

नामदेवनं आठवड्यासाठी चार बोर्ड आणून दिले आणि बदलायचे कसे तेही दाखवलं. बोर्डांना नीट नावं नव्हती. परक्या भाषेतली अक्षरं कोणाला वाचता येणार? मुलांनीच नावं ठेवली होती: आगवाला, रक्तवाला, तलवारवाला आणि बनियनवाला.

प्रश्न असा होता की खेळायचं कुणाबरोबर. मुलं सकाळपासून दुपारपर्यंत शाळेत. त्या वेळी पडवीत एकच माणूस यायचं. नवापूरची मंजुळा. सकाळी मासे घेऊन ती दारोदार फिरायची, टोपली रिकामी झाली की एसटीची वाट बघत सुगंधाच्या पायरीवर टेकायची आणि पान जमवायची.

"काय गो बाय, आज लय तोंड पाडलंस?" तिनं विचारलं. सुगंधानं सांगितलं. मंजुळानं पान गालात सारलं, टोपली बाहेर ठेवली, नऊवारी नीट खोचली आणि मशीनसमोर उभी राहिली. "एवढंच ना? लाव. आमी हाय ना मारामारीला."

पहिला लावला आगवाला. मुलांचा सगळ्यात लाडका. त्यात बोटांची एक खुबी जमली की हातातून आगीचा गोळा सुटायचा. मंजुळाला ती खुबी चुकून जमली आणि मग तिनं कोपरा सोडलाच नाही. सुगंधाचा गडी दोन पावलं पुढे जायचा आणि गोळा खाऊन मागे पडायचा. उठायचा, पुन्हा गोळा.

"अगं, मला जवळ तरी येऊ दे!"

"कशाला? हितनंच मरतंस ना!"

जवळच येऊ द्यायचं नाही, तर मग भांडण तरी कसलं, असं सुगंधाला वाटलं. तिनं बोर्ड काढला.

तलवारवाला दिसायला देखणा. चांदणं पडलंय, झाडाच्या पाकळ्या उडतायत, बाईचे केस वाऱ्यावर. सुगंधा नुसतं बघत राहिली आणि तेवढ्यात मंजुळानं एकच घाव घातला. वरच्या पट्टीतलं अर्धं लाईफ गेलं. दुसरा घाव, सगळं संपलं. पुन्हा खेळली, पुन्हा तेच. एक चूक केली की गेलात. लहान मूल कॉईन टाकून दांडी नीट पकडतं ना पकडतं तोवर त्याला घरी पाठवणारा गेम. तोही बाजूला.

रक्तवाला तिनं भीत भीत लावला. आधी इतर मारामारीसारखीच मारामारी. चुकून सुगंधाच जिंकली. समोरचा गडी पडला नाही. तोल गेल्यासारखा उभ्या उभ्या झुलायला लागला, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

"आता त्याला संपव," मंजुळा म्हणाली. "मुंडकं काढायचं असतं."

"हरला ना तो?"

"हरला. पण आजून उभा हाय ना!"

सुगंधाचा अंगठा बटणावर होता. पडद्यावरचा गडी झुलत होता. मशीन वाट बघत होतं. तिनं हात काढून घेतला. थोड्या वेळानं गडी आपला आपणच कोसळला.

"हॅ!" मंजुळा हिरमुसली. "मला तर हाच आवडला. रोज एवढी मासळी कापताव, आमाला रक्ताचं काय?"

"मला नाही जमणार बाई."

राहिला बनियनवाला. मुलांनी त्याला नाकारलेलंच होतं. त्यात आग नाही, तलवार नाही, रक्त नाही. बंदरावरचं एक गोदाम, मागे खोकी आणि दोरखंड, आणि बनियन घातलेले पोट सुटलेले लोक एकमेकांना ढकलतायत. मुलं म्हणायची, हा मामालोकांचा गेम. मंजुळानं त्यातला सगळ्यात जाडजूड गडी घेतला. "हा आमच्या बोटीवरचा तांडेल. डिट्टो!" सुगंधानं शोधून शोधून डोक्याला फडकं बांधलेली एक बाई काढली. ती फार सावकाश चालायची, म्हणून तिला कोणी घेत नसे.

तांडेलनं त्या बाईला कंबरेला धरलं आणि आपटलं. पुन्हा धरलं, पुन्हा आपटलं. सुगंधा घाबरून सगळी बटणं एकदम दाबत सुटली. काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. दांडी मागे ओढून धरली, तर फडकंवाली दोन्ही हात पुढे घ्यायची आणि मार लागला तरी तिचं लाईफ तिळभरही कमी व्हायचं नाही. लाईफ अगदी दोऱ्याएवढं उरलं, तरी तेवढ्या दोऱ्यावर ती उभी राहू शकायची. बाकीच्या तिन्ही गेममध्ये असं नव्हतं. तिथे अडवलं तरी थोडंथोडं झिजत जायचं.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. पकडायला येण्याआधी तांडेलचा डावा खांदा किंचित खाली जायचा. डोळ्याचं पातं लवेस्तोवर. ती खांद्याकडे बघायला लागली. बटणांकडे नाही, लाईफकडे नाही. वाट बघत राहिली. खांदा पडला. तिनं एकच बटण एकदाच दाबलं, आणि फडकंवाली त्या आडदांड गड्याच्या मिठीतून माशासारखी सटकली, त्याच्या पाठीमागे गेली आणि तिनं त्यालाच उचलून खोक्यांवर आदळलं.

सुगंधानं आनंदानं ओरडायला तोंड उघडलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. पडद्याआड घोरणं चालूच होतं. ती पडवीत गोल गोल फिरली. मंजुळाला मिठी मारली, मासळीच्या वासासकट.

"येडी झालीस काय?" मंजुळा म्हणाली. "चल, फिरून लाव. आता नाय सोडणार."

मंजुळाची त्या दिवशीची एसटी गेली. तिच्या पुढचीही गेली. तोवर शाळा सुटून मुलं आली, आणि मामालोकांच्या त्या गेमवर तीही नंबर लावायला लागली.

*

शनिवारी दुपारी मंडळ आलं. बायका पडवीत मावेनात. काही पायरीवर, काही रस्त्यावर उभ्या. मुलंही त्यांच्या मागून आली, कारण आपल्या दुकानाचं काय होतंय हे त्यांना बघायचं होतं. मंजुळा टोपली घेऊन आधीच जागा धरून बसली होती.

"ही कशाला इथे?" इंदुबाईंनी नाकाला पदर लावला.

"मासे घेताना वास नाय येत, आता येतंय," मंजुळा म्हणाली.

सुगंधानं चार रात्री मनात घोळवलेलं म्हणायला सुरुवात केली. "मी सगळे गेम बघितले. मी हा निवडला. बनियनवाला. यात रक्त नाही. यात तलवार नाही. आग नाही. मुंडकं..."

"पण मारामारी आहे ना?" इंदुबाई. "का फुलं मारतात एकमेकांना?"

"मारामारी आहे, पण..."

"मग बनियन घालून मारलं म्हणजे काय घरगुती झालं?"

बायका हसल्या. सुगंधाचा चेहरा उतरला. पाठ केलेलं सगळं पळालं.

पुष्पलताबाई हसल्या नव्हत्या. त्या मशीनकडे बघत होत्या. "रक्त नाही, तलवार नाही, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण सुगंधाताई, तुम्ही नसलेलंच सांगताय. यात आहे काय, ते सांगा. तुम्हाला स्वतःला हा का आवडला?"

स्वतःला? सुगंधानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा मशीनकडे. मग ती बोलली नाही, कॉईन टाकलं. "ये गं," तिनं मंजुळाला म्हटलं. "आणि दया दाखवू नकोस."

"कवा दाखवली?"

तांडेलनं फडकंवालीला धरलं, आपटलं. बायका "अगंबाई" म्हणाल्या. पुन्हा धरलं, पुन्हा आपटलं. लाईफ दोऱ्याएवढं राहिलं.

"गेली," इंदुबाई समाधानानं म्हणाल्या.

"नाही गेली," सुगंधा मशीनवरची नजर न काढता म्हणाली. तिचा आवाज आता सभेतला नव्हता, ओट्याशी उभं राहून बोलावं तसा होता. "आता मी मागे ओढून धरलंय. आता कितीही मारा, हे एवढं उरलेलं जात नाही. इथे मुलं आधी घाबरतात. सगळी बटणं एकदम बडवतात. मीही बडवली. बडवून सुटका होत नाही. थांबायचं. त्याच्या खांद्याकडे बघायचं... हा बघा, पडला!"

फडकंवाली सटकली. तांडेल खोक्यांवर गेला. मागून एका मुलानं "हां!" केलं आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. इंदुबाई नकळत पुढे सरकल्या. पुन्हा खांदा पडला, पुन्हा सुटका. मंजुळाचं लाईफ सरकत सरकत खाली आलं. शेवटी तांडेल जमिनीवर आडवा झाला आणि फडकंवाली कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे आवडलं मला," सुगंधा वळली. "हरत आलं तरी यात परत येता येतं. आणि हरलेल्याला यात कोणी पुन्हा मारत नाही. त्या रक्तवाल्यात मारतात. माझ्याच्यानं नाही झालं ते."

बायका गप्प झाल्या होत्या. त्या गप्प झाल्या म्हणूनच पायरीवरच्या एकीच्या लक्षात आलं. "अगं, पण हे मशीन मुकं कसं? स्टेशनवरचं केवढं बोंबलत असतं!"

"वायर तोडलीय."

"का?"

सुगंधा जरा घुटमळली. हे कारण तिनं मुद्दाम मागे ठेवलं होतं. सभेत सांगण्याजोगं ते तिला वाटलं नव्हतं. फार घरातलं होतं, तिच्या सोयीचं होतं. "खरं सांगू का?" ती म्हणाली. "बाकीचे गेम मुके केले तरी मुलं तोंडानं आवाज काढतात. आग सोडली की ओरडतात. यात ओरडता येत नाही. ओरडलं की खांदा बघायचा राहतो आणि आपटी बसते. म्हणून हा खेळताना सगळी गप्प असतात. बघणारीसुद्धा. आणि मला ते पाहिजे असतं. रात्रपाळीच्या आठवड्यात आत हे झोपलेले असतात."

"आत?" पुष्पलताबाई दचकल्या. "आत्ता कुणी आहे आत?"

"हे आहेत. रात्रपाळी आहे ना."

सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. मग पडद्याआडून पुरुषाचा ओशाळलेला आवाज आला.

"मी जागा आहे."

"अहो!" सुगंधा ओरडली.

"केव्हाचा जागा आहे. तुमची सभा सुरू झाली तेव्हाच जाग आली." घसा खाकरण्याचा आवाज झाला. "ताई, मी मोठा शहाणा माणूस नाही, पण मंडळानं विचारलं म्हणून सांगतो. ही पोरं रोज इथे असतात. यांनी मला आजवर एकदा उठवलेलं नाही. आज तुम्ही उठवलंत."

पहिल्यांदा पायरीवरची हसली. मग तिच्या शेजारची. मग सगळी पडवीच हसत सुटली. ती बाई हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "आमचे पण झोपलेत गं! आणि मी इकडे निवांत, पोरगं बाहेर गेलंय म्हणून. कुठे जातं, कधी विचारलं पण नाही." आणखी दोघी-तिघींनी माना डोलावल्या. त्यांची मुलं तिथेच, त्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती.

"आता उठलोच आहे, तर जरा वाट द्याल का?" पडद्याआडून पुन्हा आवाज आला. "मला बाहेर जायचंय. पण मी बनियनवर आहे."

"या, या!" मंजुळा किंचाळली. "खरा बनियनवाला आला गो!"

पुंजाराम खाली मान घालून, टॉवेल खांद्यावर टाकून बायकांच्या मधून जवळजवळ पळतच गेला.

पुष्पलताबाई हसल्या, पण त्यांची काळजी एवढ्यानं संपणारी नव्हती. "ज्यांच्याकडे पाळ्या आहेत त्यांचं समजलं," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे दुपारी कोणी झोपत नाही. माझी केतकी इथे का येते?"

"ती होय?" मंजुळा म्हणाली. "ती चष्मेवाली? ती येते कारण ती जिंकते! मला पण पाडलान तिनं. लय हुशार पोर हाय तुमची."

गर्दीत मागे उभी असलेली केतकी लाजेनं आणि अभिमानानं लालबुंद झाली. पुष्पलताबाईंनी मुलीकडे वळून पाहिलं. घरी ही मुलगी कुणासमोर बोलत नसे, पाहुणे आले की आतल्या खोलीत जात असे. आणि इथे चाळभर मुलं तिच्याकडे बघत होती, ती तिच्याकडून हरलेली होती म्हणून. मग पुष्पलताबाई अध्यक्षांच्या आवाजात म्हणाल्या, "शाळेच्या वेळात दुकान बंद. दिवेलागणीला मुलं घरी. बाकीचे बोर्ड परत. आणि हा राहील."

"हात वर करा," कुणीतरी म्हणालं. हात वर झाले. मुलांनीही केले.

इंदुबाईंचा हात वर नव्हता. त्या मशीनसमोर उभ्या होत्या आणि दांडी चाचपून बघत होत्या. "हे मागे ओढलं की वाचतं ना?" त्यांनी विचारलं. "मग एक कॉईन दे. बघू तरी, एवढं काय आहे त्यात. आणि माझ्यासमोर ती मासेवाली नको, तू ये."

सुगंधानं कॉईन दिलं आणि शेजारी उभी राहिली. इंदुबाईंनी पदर खोचला, गडी निवडला आणि पहिल्या क्षणापासून सगळी बटणं एकदम बडवायला सुरुवात केली. मागून मंडळाच्या सगळ्या बायका आणि सगळी मुलं त्यांना कुजबुजत सांगत होती: खांदा बघा, खांदा! इंदुबाईंना ऐकू येत नव्हतं. फडकंवालीनं त्यांना धरलं आणि आपटलं.

"पुन्हा," इंदुबाई म्हणाल्या.

सुगंधानं त्यांना पुन्हा हरवलं. मग आणखी एकदा. मोठं माणूस आहे, थोडं सांभाळून घ्यावं, असं तिच्या एकदाही मनात आलं नाही.